पन्नासाव्या सेकंदाला हात खाली: पहिल्या स्पारिंगचे एक प्रकरण

बॉक्सिंगच्या बॅगवर तीन-तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या आरामात काढणारा प्रशिक्षणार्थी पहिल्याच स्पारिंगमध्ये, म्हणजे समोर माणूस घेऊन केलेल्या सरावाच्या लढतीत, पन्नासाव्या सेकंदाला हात खाली टाकतो, तोंड फिरवतो आणि नाकावर क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, खातो. क्लबांमधून हे इतक्या वेळा दिसते की त्याला अपघात म्हणवत नाही. इथले प्रकरण एका माणसाचे नाही. पुण्यातल्या संध्याकाळच्या बॅचमध्ये वारंवार घडणारे तपशील एकाच जोडीवर एकत्र आणले आहेत, म्हणून नावेही नाहीत. आमचे म्हणणे असे की या फेरीचा निकाल घंटा वाजण्याआधीच लागला होता: जोडी लावताना, आणि अटी न ठरवता दोघांना आत सोडताना. दम आणि तंत्र यांचा नंबर त्यानंतरचा.

दोघे कोण होते

प्रशिक्षणार्थी 27 वर्षांचा, वजन 74 किलो, उंची 175 सेंटिमीटर, सॉफ्टवेअरची नोकरी, चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे अडीच. पाच महिने वर्गाला येत होता, आठवड्यातून तीन दिवस. स्टान्स ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय आणि डावा हात पुढे. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस, डावा हूक (बाजूने वळून येणारा ठोसा) येत होते. बचावात हाय गार्ड (दोन्ही हात चेहऱ्यापाशी वर), पॅरी (येणारा ठोसा तळव्याने वळवणे) आणि स्लिप (डोके ठोशाच्या वाटेतून बाजूला काढणे). सरांनी हातात धरलेल्या पॅडवर जॅब-क्रॉस-हूक खणखणीत वाजत होते.

जोडीदार 29 वर्षांचा, 76 किलो, वर्गाला साडेतीन महिने. आधीची जिमची सवय, खांदे भक्कम, हात जड. वजनात दोनच किलोंचा फरक, उंची जवळपास सारखी, शिवाय दोघे मित्र. कागदावर जोडी बरोबरीची दिसत होती. फक्त दोघांपैकी एकानेही तोपर्यंत समोरून येणारा ठोसा पाहिलेला नव्हता.

ती संध्याकाळ

सात वाजता बॅच. प्रशिक्षणार्थी दुपारी दीडला डबा खाल्ल्यावर थेट सव्वासहाला चहा-वडापाव खाऊन आला. वॉर्म-अप नेहमीचा: दोरीच्या दोन फेऱ्या, शॅडोची (हवेत ठोसे मारण्याची) एक. सात पंचेचाळीसला सर म्हणाले, "चला, आज तुम्ही दोघं रिंगमध्ये. हलक्या हाताने खेळा रे, जोर लावायचा नाही." बॅचमधल्या तिघांनी लगेच मोबाइल काढले.

प्रशिक्षणार्थीच्या हातात क्लबचे 16 औंसांचे, म्हणजे जाड गादीचे, ग्लोव्ह्ज होते. जोडीदाराने स्वतःचे 12 औंसांचे बॅग ग्लोव्ह्ज घातले, कारण तेच त्याच्याकडे होते. प्रशिक्षणार्थीने टीथगार्ड आदल्या दिवशी आणला आणि पाकिटातून काढून तसाच तोंडात बसवला. हेडगार्ड क्लबचा, मापाने एक नंबर मोठा. चष्मा काढून बाकावर ठेवला.

मोबाइलवरच्या चित्रणातून पुढचा क्रम स्पष्ट दिसतो. पहिली दहा सेकंदे दोघे लांबून जॅब टाकत होते, एकही लागत नव्हता. पंधराव्या सेकंदाच्या आसपास जोडीदाराचा एक जॅब हेडगार्डवर बसला, जोराने नाही, पण आवाज झाला. कोणीतरी "ओऽऽ" केले. प्रशिक्षणार्थीने परतीला जॅब-क्रॉस दिला, आणि त्यातला क्रॉस मघाच्या जॅबपेक्षा जड होता. पुढची वीस सेकंदे दोघे डोके खाली घालून अंतर मिटवून ठोसे फेकत राहिले. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रशिक्षणार्थीचे एकट्याचे चाळीसच्या आसपास ठोसे झाले. मुरलेले व्यावसायिक तीन मिनिटांच्या अख्ख्या फेरीत सरासरी पन्नास-साठ टाकतात, हे लक्षात घेतले की पुढचे आपोआप कळते.

पस्तिसाव्या सेकंदाला तो सरळ मागे गेला, तीन पावले, चौथ्याला पाठ रोपला (रिंगच्या कडेच्या दोराला) टेकली. तोंड उघडे, टीथगार्ड खालच्या ओठावर आलेला. तो त्याने ग्लोव्हने आत ढकलला, म्हणजे तेवढा वेळ उजवा हात हनुवटीपासून हलला. पंचेचाळिसाव्याला डोळे मिटून त्याने तोंड उजवीकडे फिरवले. पन्नासाव्याला दोन्ही हात छातीपर्यंत खाली, आणि जोडीदाराचा क्रॉस नाकावर. घोळणा फुटला. "स्टॉप!" हा शब्द ठोशानंतर आला.

बाहेर आल्यावर काय केले

रक्त पाहून दोन चुका हमखास होतात: मान मागे टाकणे आणि नाक शिंकरणे. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते, गिळले जाते आणि मळमळते. मग ती मळमळ डोक्याच्या मारामुळे की रक्तामुळे, हे ओळखता येत नाही. इथे मदतनीस दादांनी त्याला बाकावर बसवून किंचित पुढे वाकवले, नाकाचा हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला आणि घड्याळ लावून दहा मिनिटे सोडू दिले नाही. दर मिनिटाला "थांबलं का" म्हणून सोडून पाहिले तर गुठळी धरतच नाही. थांबल्यावर नाक सरळ आहे का, दोन्ही नाकपुड्यांतून श्वास जातो का, हे पाहिले. नाक आतून दोन्ही बाजूंनी बंद वाटत असेल आणि आत मऊ सूज दिसत असेल, तर मधल्या पडद्याखाली रक्त साचलेले असू शकते. ते त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचे. साचलेले रक्त राहिले तर कूर्चा मरते आणि नाक कायमचे बसते. इथे तसे काही नव्हते. रिंगवरचे रक्त जंतुनाशकाने पुसले, दोघांचे ग्लोव्ह्जही. रक्त लागलेल्या सामानावर पुढची जोडी चढवायची नाही. हिपॅटायटिस बी हा त्यामागचा साधा हिशेब आहे.

नाकाकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि डोके राहून जाते. इथे विचारलेले प्रश्न साधे होते: आज वार कोणता, कितवी फेरी चालली होती, समोर कोण होता, वर्गाला कशाने आलास. पाच शब्द सांगून पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. एका रेषेत टाचेला बोट लावून चालायला लावले. सगळे ठीक आले. तरी त्याला दुचाकीवर एकट्याला सोडले नाही, घरच्यांना फोन करून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाच्या मागे बारीक ठणका आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहवेना. ही डोकेदुखी घट्ट हेडगार्डची असू शकते, चष्म्याविना तासभर ताण दिल्याची असू शकते, मेंदूला बसलेल्या हादऱ्याचीही असू शकते. तीन शक्यतांत फरक करण्याचे साधन क्लबकडे नसते, म्हणून ती सर्वांत वाईट शक्यता आहे असे धरूनच वागायचे. डॉक्टरांना दाखवले. पहिले दोन दिवस आराम, पडदा कमी, दारू नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन या दिवसांत स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, कारण रक्तस्राव वाढू शकतो. त्यानंतर चालणे, मग दोरी आणि शॅडो, मग बॅग, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षण परतले तर एक पायरी मागे. समोर माणूस उभा करायचा तो सगळे शांत झाल्यावर, डॉक्टरांच्या लेखी परवानगीनेच. एक हादरा पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो कितीतरी जास्त घातक ठरतो. सतत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न आवरणारी झोप, आकडी, डोळ्याची एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही असेल तर थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग. "सकाळी बघू" म्हणण्याची ही जागा नाही.

या प्रशिक्षणार्थीचा ठणका चौथ्या दिवशी थांबला. तो विसाव्या दिवशी पुन्हा जोडीच्या सरावाला लागला.

बिघडले कुठे

सर्वांचे पहिले उत्तर: "स्टॅमिना कमी पडला." ते चुकीचे आहे, आणि त्याचा तोटा असा की मुलगा आणखी महिनाभर धावत सुटतो आणि पुन्हा पन्नासाव्या सेकंदालाच संपतो. अठरा मिनिटे बॅग मारणाऱ्याचा दम एका मिनिटाला पुरत नाही असे होत नाही. बॅगवर लय त्याची स्वतःची असते. ठोसा सुटताना श्वास सुटतो, थांबावे वाटले तर थांबतो. समोर माणूस आला की ठोसा येताना पोट आवळले जाते आणि श्वास अडतो. दोन-तीन ठोसे लागोपाठ आले की आठ-दहा सेकंद श्वासच नाही. त्यातच खांदे कानापर्यंत चढलेले, मुठी ग्लोव्हच्या आत पूर्ण वेळ आवळलेल्या. प्रत्येकी साधारण 450 ग्रॅमचे ग्लोव्ह आवळलेल्या खांद्यांनी तोलून धरले की हात मिनिटाच्या आतच शिशासारखे होतात. चित्रणाचा आवाज ऐकला तर पहिल्या दहा सेकंदांनंतर त्याचा श्वास सोडतानाचा "स्स" ऐकूच येत नाही. निदान तिथेच होते.

दुसरे कारण जोर चढत जाण्याचे. "हलक्या हाताने" ही सूचना ऐकायला ठीक, पण तिला माप नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता: दोघांनी आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा, जेवढा मिळाला तेवढाच परत करायचा. दोघेही प्रामाणिक असूनही दर खेपेला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला, कारण स्वतः लावलेला जोर मेंदूला कमी वाटतो आणि समोरून आलेला पूर्ण जाणवतो. हिशेब केला तर चार खेपांत साडेतीन पटींहून जास्त. रिंगमध्ये चार खेपा म्हणजे पाच-सहा सेकंद. म्हणजे "त्यानेच आधी जोरात मारलं" असे दोघेही नंतर सांगतात तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. मुरलेला बॉक्सर स्वतःच्या हाताचे वजन शिकलेला असतो, तो ही साखळी तोडतो. दोन नवशिक्यांत ती तोडायला कोणी नसते. त्यात भोवती मोबाइल. स्टेटसला टाकायची क्लिप असेल तर हलक्या हाताने कोण खेळेल? नवशिक्यांच्या स्पारिंगचे चित्रण फक्त सरांच्या फोनवर, हा नियम आम्हाला हेडगार्डइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तिसरे, सामान. टीथगार्ड न उकळता वापरला की तो दातांनी चावून धरावा लागतो. दम लागला, तोंड उघडले की तो सुटतो, आणि उघड्या जबड्यावर बसलेला ठोसा मिटलेल्या जबड्यापेक्षा वाईट. 12 औंसांचे बॅग ग्लोव्ह्ज महिनोन्‌महिने बॅग मारून आतून बसलेले असतात. अंगठ्याने पुढचा भाग दाबला आणि आतली बोटांची हाडे लागली, तर तो ग्लोव्ह माणसावर वापरायचा नाही. हेडगार्ड मोठा असल्याने ठोसा लागला की फिरत होता आणि एक डोळा झाकला जात होता. आणि चष्म्याविना उणे अडीच नंबर म्हणजे समोरच्याचा खांदा हलला हे उशिरा दिसणे. हे चौघे मिळून एक सेकंद खातात, आणि जॅब पोचायला त्याच्या निम्माही वेळ लागत नाही.

चौथे, थांबवणारा रिंगबाहेर होता. पाठ रोपला टेकली तेव्हाच "स्टॉप" यायला हवे होते, पंधरा सेकंद आधी. नवशिक्यांच्या फेरीत सरांनी रिंगच्या आत, हात पोचेल इतक्या अंतरावर उभे राहावे. रोपबाहेरून दुसऱ्या जोडीचे पॅड धरत ही फेरी सांभाळता येत नाही.

दुरुस्ती: आधी सामान

टीथगार्ड नवा आणला. पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि पाकिटावर लिहिली असतील तितकी सेकंदे तो बुडवायचा. बहुतेकांवर अर्धा ते एक मिनिट असते. त्यापेक्षा जास्त ठेवला तर भिंती कोसळून एकमेकींना चिकटतात. गार पाण्यात क्षणभर बुडवून वरच्या दातांवर बसवायचा, चावायचे, बाहेरून बोटांनी आणि आतून जिभेने दाबायचे, आतली हवा चोखून घ्यायची, अर्धा मिनिट तसेच. कसोटी एकच: तोंड उघडे ठेवून मान हलवली तरी तो वर चिकटून राहिला पाहिजे. मागे ओकारी येत असेल तर टोके दोन-तीन मिलिमीटर कापायची.

हाताला 4.5 मीटरची बँडेज. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या सांध्यांवर तीन, मग बोटांच्या फटींतून एकेक, पुन्हा मनगटावर शेवट. गुंडाळताना बोटे ताणून पसरलेली ठेवायची. मिटलेल्या मुठीवर गुंडाळली तर मूठ उघडताच सैल पडते. ग्लोव्ह्ज दोघांचेही 16 औंसांचे, स्पारिंगसाठी वेगळे राखलेले, वेल्क्रोवर चिकटपट्टी, नाहीतर समोरच्याच्या डोळ्याजवळ ओरखडा ठरलेला. हेडगार्डची पुढची कड भुवईच्या वर साधारण एक बोट, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जाईल इतकीच जागा. भुवया, गाल, नाकाचा दांडा यांवर व्हॅसलीनचा पातळ हात. थापले तर घामाबरोबर डोळ्यांत उतरते. खाली जांघेच्या बचावाचा कप. कडे, भिकबाळी, मनगटातला गंडादोरा सगळे काढून. चष्म्याऐवजी रोजच्या वापराच्या मऊ लेन्स. नंबर उणे सहाच्या पुढे असता तर आधी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगितले असते, आणि तज्ज्ञ नको म्हणाले तर स्पारिंगचा विषय बंद.

हेडगार्डबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. तो भुवई फुटण्यापासून, डोक्याला डोके लागण्यापासून वाचवतो. मेंदू कवटीत हलतो तो हलतोच. हौशी बॉक्सिंगच्या वरिष्ठ पुरुष गटातून तो 2013 मध्ये काढला गेला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना लढले. नवशिक्याने तो घालावाच. फक्त घातला म्हणून चार ठोसे जास्त खायला हरकत नाही, असे समजू नये.

खाणे: स्पारिंगच्या दिवशी साडेचारला पोळी-भाजी किंवा दोन केळी, दोन तासांत अर्धा लिटर पाणी, वडापाव घरी जाताना.

चार आठवडे

पहिला आठवडा ठोशांशिवाय. दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, एकमेकांच्या खांद्याला आणि गुडघ्याला फक्त हात लावायचा. यात अंतर कळते: समोरच्याच्या पुढच्या पायापासून आपला पुढचा पाय किती दूर असला की त्याचा हात पोचत नाही. याच आठवड्यात डोळ्यांचे काम. जोडीदार हेडगार्डच्या कपाळावर हळूच जॅब टेकवतो, आणि प्रत्येक टेकवण्याला प्रशिक्षणार्थीने ऐकू येईल असा श्वास सोडायचा. सर बाजूने फक्त पापण्या पाहतात. पहिल्या दिवशी दहापैकी दहा वेळा डोळे मिटले. ते मिटणार, इच्छाशक्तीने थांबत नाही, शेकड्याने टेकवून थांबते.

दुसऱ्या आठवड्यात दोघांचा फक्त जॅब, तीन फेऱ्या. बचाव उजव्या तळव्याने. इथे नवशिक्याचा ठरलेला दोष दिसला: येणारा जॅब अडवायला तो हात फूटभर पुढे नेत होता, मागे चेहरा मोकळा. तळवा गालापासून वीतभरापेक्षा पुढे जायचा नाही, ठोसा येऊ द्यायचा. जोराचे मापही याच आठवड्यात ठरवले: प्रत्येकाने स्वतःच्या कपाळावर, निमूट सहन होईल असा ठोसा मारून घ्यायचा, तो झाला आजचा जोर. आकडेमोडीपेक्षा हे बरे चालते, कारण "तीस टक्के" प्रत्येकाचे वेगळे निघतात.

तिसरा आठवडा सर्वांत जास्त उपयोगाचा ठरला. एक मिनिट एकाने फक्त मारायचे (जॅब, क्रॉस, जॅब-क्रॉस), दुसऱ्याने फक्त वाचायचे, मग अदलाबदल. वाचणाऱ्याला एकच पायनियम: मागे जास्तीत जास्त दोन पावले, तिसरे बाजूला. रोपला पाठ टेकली की फेरी थांबते आणि मध्यापासून सुरू होते. ऑर्थोडॉक्स समोर असताना त्याच्या उजव्या हातापासून दूर, म्हणजे आपल्या डावीकडे न जाता उजवीकडे निघायचे असते. हा प्रशिक्षणार्थी सवयीने डावीकडे, नेमका क्रॉसच्या वाटेवर जात होता. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारून तिच्याभोवती फिरायला लावले, तेव्हा वळला.

चौथ्यात एकाला फक्त जॅब, दुसऱ्याला सगळे. शिवाय क्लिंच. दम तुटला की मागे पळण्याऐवजी आत शिरायचे, डोके त्याच्या खांद्याला बाजूने लावायचे, त्याचे दंड बाहेरून कवेत घ्यायचे आणि "ब्रेक"ची वाट पाहायची. "ब्रेक" आल्यावर एक पाऊल मागे, मग "बॉक्स", म्हणजे पुन्हा सुरू. स्पर्धेत सतत धरून ठेवले तर ताकीद मिळते, पण पन्नासाव्या सेकंदाला तोंड फिरवणाऱ्याला हा एक सन्मानाचा दुसरा पर्याय आहे. एकही आठवडा एका दिवसात उरकला नाही, आणि आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस जोडी लावली नाही.

दुसरी स्पारिंग

या वेळचा जोडीदार 63 किलोंचा, वयाने 20, सात वर्षे खेळणारा, राज्य पातळीवरचा. अकरा किलोंनी हलका. पुण्यात असा माणूस शोधावा लागत नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये उतरलेले मनोज पिंगळे पुण्याचे, 2022 मध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी देविका घोरपडे पुण्याची. स्पर्धा खेळणारी मुले बहुतेक जुन्या क्लबांत असतात. फक्त ती वेगळ्या वेळेला सराव करतात आणि संध्याकाळच्या हौशी बॅचशी त्यांची गाठ पडत नाही. ती मुद्दाम घालून द्यावी लागते. प्रौढ माणसाला आपल्यापेक्षा लहान, हलक्या मुलासमोर उभे राहायला थोडे अवघड वाटते, पण तेवढे गिळावे. सराव वजनाच्या गटानुसार लावायचा की अनुभवानुसार, हा वाद आम्ही पहिल्या स्पारिंगपुरता अनुभवाच्या बाजूने सोडवतो. मात्र एक अट: जड नवशिक्याने हलक्या बॉक्सरवर वजन टाकायचे नाही. पाच किलोंच्या आत दोन्ही जुळले तर उत्तमच.

तीन फेऱ्या, दोन-दोन मिनिटांच्या, मध्ये एक मिनिट. सर रिंगच्या आत. अटी दोघांना एकत्र सांगितल्या: जोर कपाळाच्या मापाचा, अपरकट (खालून वर येणारा ठोसा) नाही, समोरच्याने तोंड फिरवले किंवा हात टाकले तर "स्टॉप"ची वाट न पाहता स्वतःच थांबायचे, कुणालाही थांबावेसे वाटले तर एक पाऊल मागे आणि हात वर.

"दादा, जोरात लागलं तर सांगा," समोरचा मुलगा टीथगार्ड घालण्याआधी म्हणाला. इथूनच फरक सुरू झाला.

पहिल्या फेरीत पुन्हा खांदे चढले, पण चाळिसाव्या सेकंदाला मुलानेच दोन पावले मागे जाऊन त्याला श्वास घ्यायला जागा दिली. कॉर्नरमधल्या मिनिटाची वाटणी अशी: पहिली वीस सेकंदे फक्त श्वास, कोणी बोलायचे नाही; मग घोटभर पाणी, गुळणी; मग एकच सूचना ("ठोसा नाही, 'स्स' ऐकू येऊ दे"); शेवटच्या दहा सेकंदांत टीथगार्ड. एका मिनिटात तीन सूचना दिल्या तर एकही पोचत नाही. दुसऱ्या फेरीत मुलाने मुद्दाम उजवा हात थोडा खाली ठेवून जॅबला वाट दिली. चार-पाच जॅब बसले, आणि त्यानंतर प्रशिक्षणार्थीचे पाय पहिल्यांदा हलायला लागले. तिसऱ्यात तो दोनदा रोपजवळ गेला. एकदा बाजूला निघाला, एकदा क्लिंच केले. फेरी पूर्ण झाली. नाक कोरडे, दुसऱ्या दिवशी डोके ठीक.

दोष राहिलेच. जॅब परत आणताना डावा हात कमरेच्या उंचीने येतो, आणि मागे सरकताना उजवा हात गालावरून सुटतो. मुलाने त्या फटीत डावा हूक सात-आठ वेळा नुसता टेकवून दाखवला. उजवीकडे जाताना अजून पाय एकमेकांत अडकतात. शरीरावरचे ठोसे तर अजून आलेलेच नाहीत. यकृतावर, म्हणजे उजव्या बरगडीखाली बसलेला हलका ठोसाही माणसाला गुडघ्यावर आणतो. म्हणून पुढचा महिना मानेखालच्या स्पारिंगचा ठेवला आहे: डोक्याला हात नाही, कोपरे बरगड्यांना लावून ठेवायची, तीन फेऱ्या आठवड्यातून एकदा. जोरदार स्पारिंग निदान सहा महिने नाही. स्पर्धा खेळायची नसेल तर आमच्या मते कधीच नाही.

76 किलोंच्या मित्राला कोणी खलनायक ठरवले नाही. त्याचे डोळे चित्रणात तितकेच मिटलेले दिसतात. घाबरल्यावर एक जण पळतो, दुसरा मारत सुटतो. त्यालाही तेच चार आठवडे, त्याच 63 किलोंच्या मुलाबरोबर लावून दिले आहेत, 16 औंसांचे ग्लोव्ह्ज विकत घ्यायला सांगून. दोघांची एकमेकांशी जोडी त्यानंतर, आणि सुरुवात फक्त जॅबने.